तिसऱ्यांदा आलेली हाक

आधीच सांगतो, मी अशा गोष्टी हसण्यावारी नेणारा माणूस. चकवा, हडळ, उतारा... मित्रांत कुणी असला विषय काढला की त्याची यथेच्छ टिंगल करण्यात मीच पुढे. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच अवघडल्यासारखं होतंय. पण जे झालं ते माझ्या घरात, माझ्या टेबलावर झालं.

२००७ च्या आसपासची गोष्ट. आम्ही नाशिकला सिडकोत राहायचो. हॉल, त्याला लागून स्वयंपाकघर आणि आतली एक खोली, बस्स. बाबा ओझरला विमानाच्या कारखान्यात, मी पिंपळगावला एका कोल्ड स्टोरेजच्या ऑफिसात. द्राक्षांचा सीझन सोडला तर संध्याकाळी मोकळाच असायचो. घरी नुकतंच ब्रॉडबँड आलेलं आणि मला विंडोजला पर्याय असलेल्या लिनक्सचं वेड लागलेलं. विंडोजचे गेम लिनक्सवर चालावेत म्हणून जगभरातल्या हौशी लोकांनी मिळून बनवलेलं एक फुकट सॉफ्टवेअर होतं. त्याचं दर पंधरवड्याला नवं व्हर्जन यायचं, आणि नवं आलं की जुनं काहीतरी हमखास बिघडायचं. म्हणून आमच्यासारखे लोक एकेक गेम दत्तक घ्यायचे. नवं व्हर्जन टाकायचं, आपला गेम लावायचा, काय चालतंय नि काय बिघडलंय ते वेबसाइटवर लिहायचं. आई म्हणायची, हा बसलाय लष्कराच्या भाकऱ्या भाजत.

एक नियम मात्र कडक होता. काही बिघडलेलं दिसलं की लगेच बोंब मारायची नाही. गेम बंद करून परत लावायचा आणि तेच परत करून बघायचं. तीनदा तसंच झालं तरच कळवायचं. एकदा झालं तर योगायोग, तीनदा झालं तर खरा बिघाड.

माझ्या वाटणीचा गेम एका ओसाड दीपगृहाचा होता. आत फिरायचं, कोडी सोडवायची. तळमजल्याचं दार उघडलं की लाटांचा आवाज यायचा. अख्ख्या गेममध्ये माणूस कोणी नाही, बोलणं तर एका शब्दाचं नाही.

त्या वर्षी माझी धाकटी बहीण वैशू बाळंतपणासाठी माहेरी आली होती. तिचं सासर सायखेड्याचं. आधीचं एक बाळ पोटातच गेलेलं, त्यामुळे या खेपेला आई तिला तळहातावरच्या फोडासारखी जपायची. एरवी कशाला न घाबरणारी आमची आई तिन्हीसांजेचे नाही नाही ते नियम पाळायला लागली. त्यातला एक असा, की दिवेलागणीला कुणी नावाने हाक मारली तर ओ द्यायची नाही. तीनदा हाक आली तरच द्यायची. जे माणूस नसतं ते म्हणे तिसऱ्यांदा हाक मारत नाही. "मी मारली तरी नाही," असं तिने वैशूला बजावलं होतं. म्हटलं, आई, तुझा आणि आमच्या वेबसाइटचा नियम एकच निघाला की... यावर वैशू पोट धरून हसली होती.

त्या संध्याकाळी लोडशेडिंग संपून नुकती लाइट आली होती. वैशू आतल्या खोलीत पडलेली, आई स्वयंपाकघरात तांदूळ निवडत होती. मी नवं व्हर्जन टाकलं, गेम लावला, दीपगृहाच्या तळमजल्यावर गेलो आणि दार उघडलं.

लाटा वाजल्याच नाहीत. त्याऐवजी आईचा आवाज आला — "वैशू, बाहेर ये गं."

मला वाटलं, आईच बोलावतेय. वैशूने नियमाप्रमाणे ओ दिली नाही. लाटा का नाहीत म्हणून मी गेम बंद करून पुन्हा लावला, पुन्हा दार उघडलं. पुन्हा तीच हाक, अगदी त्याच सुरात. या वेळी आई हातात ताट घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी होती आणि तिचं तोंड मिटलेलं होतं. आवाज स्पीकरमधून आला होता.

अंगावर सर्रकन काटा आला. पण लगेच डोकं कामाला लागलं... नव्या व्हर्जनमध्ये आवाजाचा भाग बदललाय, म्हणजे कधीतरी माइकने आईचं बोलणं पकडलं असणार आणि तेच लाटांच्या जागी वाजतंय. काय जबरदस्त बिघाड सापडला, म्हणून मला चक्क आनंद झाला.

"बंद कर ते," आई म्हणाली.

"एकदाच, आई. तीनदा बघावं लागतं."

गेम सुरू झाला. मी दार उघडलं. तिसऱ्यांदा हाक आली.

आतल्या खोलीत कॉट करकरली. तीनदा झालं, म्हणजे माणूस, म्हणजे आईच — वैशूचा हिशेब सरळ होता. ती आता ओ देणार, हे आईला माझ्या आधी कळलं. ताट तिथेच टाकून ती पुढे आली, स्पीकरसमोर उभी राहिली आणि मोठ्याने म्हणाली, "ओ. आले."

जमिनीवर सगळीकडे तांदूळ सांडले होते. स्पीकरमधून लाटांचा आवाज सुरू झाला, अगदी नेहमीसारखा. वैशू बाहेर येऊन कशाला बोलावलं म्हणून विचारत होती. आईने तिला काही नाही म्हणून परत निजायला पाठवलं.

मी माइक काढून ठेवायला टेबलामागे हात घातला, तेव्हा कुठे लक्षात आलं. माझ्याकडे माइक नव्हताच. कधी घेतलाच नव्हता.

मी वेबसाइटवर कळवलं. बाकीच्यांनी तेच व्हर्जन लावून बघितलं आणि आमच्याकडे लाटाच ऐकू येतात म्हणून उत्तर दिलं. मीही नंतर कितीतरी वेळा लावून बघितलं. लाटाच.

वैशूला मुलगी झाली. सुखरूप, गुटगुटीत. आईच्या डोळ्यांतलं पाणी थांबेना. पण त्या संध्याकाळपासून तिने वैशूला एकदाही नावाने हाक मारली नाही. बारशाला वैशूच्या सासूबाईंनी तिला हटकलंच. "विहीणबाई, लेकीला नावानं का नाय हो बोलवत? सारखं आपलं अगं, अगं."

आई हसून म्हणाली, "माझा आवाज माझ्या एकटीचा नाही राहिला हो."

सासूबाईंना काही उमगलं नाही. मला उमगलं.

वैशू सासरी जायच्या आदल्या संध्याकाळी आई हॉलमध्ये बाळाच्या दुपट्यांच्या घड्या घालत होती. लाइट गेलेली, कॉम्प्युटर बंद. मी तिच्या समोरच बसलो होतो. तिने एकदम मान वर केली, दाराकडे बघितलं आणि शांतपणे म्हणाली, "ओ. आले." मला काहीही ऐकू आलं नव्हतं. अर्धी घडी तशीच ठेवून ती उठली, उंबऱ्यापर्यंत गेली आणि तिथे खाली बसली. मी धावलो तोवर सगळं संपलं होतं.

डॉक्टर म्हणाले, हार्ट. असेल. आईने त्याआधी साधी बीपीची गोळीसुद्धा कधी घेतली नव्हती. गेममध्ये तिचा आवाज कुठून आला, याचं उत्तर मी पुढे अनेक जाणकारांना विचारलं. कुणाकडे नाही. वेबसाइटवर माझी ती तक्रार, 'बिघाड पुन्हा घडवता आला नाही' असा शेरा मारून बंद केलीय. वैशूला सगळं सांगितलं आणि मी टेस्टिंग सोडलं.

भाची आता मोठी झालीय. एका हाकेला ओ देत नाही, लोकांना ती आगाऊ वाटते. मी तिला तीनदा हाक मारतो, आणि तरीही ती आधी येऊन माझं तोंड बघते आणि मगच ओ देते. वैशूने तिला तसंच शिकवलंय.