तंबोरा लावून घेतलेला लॅपटॉप

एका बारशात पाळणा चालू असताना माझा लॅपटॉप मधेच अपडेट व्हायला बसला. पडद्यावर ते गोल गोल फिरतंय, मी पट्ट्या दाबतेय आणि आवाजच नाही, कारण माझ्या कीबोर्डला स्वतःचा आवाज नाही, पेटी तबला सगळं लॅपटॉपमधून येतं. बाळाची आजी म्हणाली, पाळणा तुटला, बरं नाही हे. माझंही बाळ सहा महिन्यांचं, मी मनातल्या मनात देवाची माफी मागितली. आमच्या गाणाऱ्या ताई रिक्षातून उतरताना म्हणाल्या, "रविवारचं बारसं तू कर. परत असं झालं तर मी दुसरी बघते."

मी बारावी नापास. पण भावानं सांगितलं की विंडोजऐवजी लिनक्स टाक, ते विचारल्याशिवाय अपडेट होत नाही, आणि पेनड्राइव्हवर घालूनही दिलं. आधीचा लॅपटॉप तसाही तापून बंद पडायचा, म्हणून दुसरा बघायला निघाले. तर नवऱ्यानं त्याचा आयटीतला मित्र बरोबर दिला, का तर मला कळत नाही म्हणून. त्या भाऊजींना घरच्या टीव्हीचा आवाज कमी करायला बायको लागते.

नारायण पेठेतलं दुकान. दुकानदारानं रंगीत दिव्यांच्या पट्ट्यांचा एक लॅपटॉप काढला आणि धडाधड ढोल वाजणारं गाणं लावलं. भाऊजी खूश. "वहिनी, हाच. याच्यावर काहीही पळतं." अरे, पळवायचाय कुणाला, मला तो एका जागी शांत बसायला हवाय. ढोलाच्या आवाजात काय, सूर दहा वेळा तटतट तुटला तरी कळत नाही. मी माझा पेनड्राइव्ह लावला, कडेवर बाळ, कानात वायर, आणि नुसता तंबोरा चालू केला. त्या एका सुरात केसाएवढी चीर पडली तरी कानाला टोचते. या दिव्यांच्या राजाची दर मिनिटाला पडत होती. दुसरा बरा वाटला, पण चार्जर लावला की डास शिरल्यासारखा गुणगुणायचा.

तिसरा कोपऱ्यात पडलेला, कुठल्यातरी ऑफिसातून आलेला, कडा झिजलेला. तंबोरा लावून उभी राहिले, चार्जर लावला, काढला, परत लावला, वीस मिनिटं झाली, बाळ वायर ओढतंय, आता दुकानदार मला बाहेर काढणार असं वाटतंय, पण वायर कानातनं काढली नाही.

"अहो ताई, सतरंजी घालू का?" दुकानदार म्हणाले.

"नको काका. हाच द्या."

"हा? हा मी उद्या भंगारात देणार होतो."

"मग एक दिवस आधी आले."

भाऊजी घरी येईपर्यंत समजावत होते, की जुना माल घेऊन मी फसले. त्यांची दया आली मला.

रविवारी पाळण्याची सगळी कडवी होईपर्यंत मी त्या बाळाकडे बघितलंच नाही, पडद्याकडे बघत होते, की आता तुटतोय, आता तुटतोय. नाही तुटला. शेवटचा सूर विरल्यावरच मी पट्टीवरचं बोट उचललं.

ताईंनी वायरी गुंडाळताना विचारलं, "चांगला मिळाला गं. बरोबर कोणी जाणकार होतं का?"

"होते की," म्हटलं, "ते दिवे बघत होते."