उशिराची पाचवी

पहिली नात झाली तेव्हा मी रडले होते. दुसरी झाली तेव्हा मी चप्पल विसरले.

रडले, कारण पहिली सातव्या महिन्यातच आली होती. तिला बावीस दिवस काचेच्या पेटीत ठेवलं होतं आणि आम्ही दोघी आज्या नांदेडच्या दवाखान्यातल्या बाकड्यावर बसून एकमेकींच्या डब्यातलं खात होतो नि एकमेकींवरच चिडत होतो. चप्पल विसरले ती मात्र निव्वळ आनंदाने. लातूरला गंजगोलाईच्या बाजारात मी ती शिवायला दिली होती आणि तेवढ्यापुरती दुकानदाराची जुनी स्लीपर पायात होती. फोन वाजला. जावई म्हणाले, "आई, मुलगी झाली. दोघी छान आहेत. बाळ तीन किलोचं आहे."

तीन किलो! मी तिथेच दोन्ही हात वर करून ओरडले. समोरच्या रिक्षात बसले, स्टँड गाठला आणि नांदेडच्या एसटीत चढले. आठवडाभर आधी भरून ठेवलेली बॅग घरी राहिली, डिंकाचे लाडू घरी राहिले आणि माझी चप्पल दुकानात राहिली. अर्ध्या बसला मी बाळाचं वजन सांगितलं. कंडक्टरबाई म्हणाली, "मावशी, तिकीट अर्धं घेतलं अन् आवाज मात्र फुल करून राहिल्या." मागच्या सीटवरचे एक गृहस्थ म्हणाले, "दुसरी बी मुलगीच का?" मी त्यांच्याकडे पाहिलं. पाढा विसरलेल्या पोराकडे पाहायची तसं. ते पुढच्या थांब्यावर उतरले. त्यांचं गावच तिथे असेल, पण श्रेय मी घेतलं.

पाढे म्हणाले, कारण चौतीस वर्षं मी जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिलीचा वर्ग घेतला. निवृत्त झाले तरी पर्समधलं लाल पेन काही निवृत्त झालं नाही. लग्नपत्रिका आली तरी मी आधी चुका काढते, मग तारीख बघते.

माझ्या विहीणबाई याच्या अगदी उलट. हदगावकडच्या शेतकरी घरातल्या. आता लेकाकडे नांदेडला, दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये राहतात. शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. सही तेवढी येते, ती बँकेतल्या मॅडमनी शिकवली म्हणून. आवाज मात्र असा, की खालच्या मजल्यावरचा कुकर इथूनच बंद करायला सांगतील. मी दारात पोचले तेव्हा त्यांनी आधी माझे पाय बघितले. मग माझे रिकामे हात.

"लाडू कुठंयत, बाई?"

"लातूरला."

एवढा आनंद मी त्यांच्या तोंडावर कधी पाहिला नव्हता. बाळंतिणीला आता त्यांचेच लाडू जाणार होते.

तिसऱ्या दिवशी बाळ घरी आलं आणि घराचं ताळतंत्र सुटलं. जावयांनी चहात साखरेऐवजी मीठ घातलं आणि तो चहा सगळ्यांनी पिऊन छान म्हटलं. विहीणबाई बाळाशी बोलायला लागल्या की बाळ दचकायचं, मग त्या कुजबुजायच्या, आणि ती कुजबुज जिन्यापर्यंत ऐकू जायची. पण सगळ्यात जास्त कामात होती थोरली. आठ वर्षांची, तिसरीतली, चष्मेवाली. तिने प्रत्येक मजल्यावर जाऊन बातमी दिली, बाळाची बोटं दिवसातून चारदा मोजली आणि "अजून वीसच आहेत" असा अहवाल आणून दिला.

मग विहीणबाईंनी जाहीर केलं, की परवा पाचवी पुजायची. बाळाच्या पाचव्या दिवशी सटवाई येते आणि कपाळावर नशीब लिहून जाते. तिच्यासाठी पाट्यावर पूजा मांडायची आणि शेजारी कोरा कागद नि पेन ठेवायचं.

"ठेवा की," मी म्हणाले. "सकाळी द्या माझ्याकडे, तपासून देते. लाल पेन आहेच."

"तुमी तपासा, बाई. पन अगुदर पाटा तर आना."

पाटा! घरात मिक्सर होता, पाटा-वरवंटा नव्हता. सगळ्या बिल्डिंगमध्ये तो एकाच घरी निघाला, तळमजल्यावरच्या शेजारीण खालांकडे. त्यांच्या घरात चार पिढ्या शिवणकामाचा धंदा, आणि त्यांचा पाटा सासूच्या सासूपासूनचा. जावई मागायला गेले तर खाला म्हणाल्या, "ले जाव. पन बच्ची का मुं पहले दिखाव." मग बाळाचा फोनवरचा फोटो बघून झाला, दुआ झाली आणि जावई तो पाटा छातीशी धरून घामाघूम होत दोन जिने चढून आले. बाळालासुद्धा त्यांनी इतकं सांभाळून आणलं नव्हतं.

पाचवीच्या संध्याकाळी विहीणबाईंनी पाट्यावर हळदीकुंकू वाहिलं, कणकेचे दिवे केले, वहीतला एक कोरा कागद नि माझं निळं पेन ठेवलं. थोरली त्यांच्या मांडीला चिकटून बसली होती. चष्मा नाकावर घसरलेला.

"आजी, सटवाई काय काय लिहिते?"

"समदं. किती शिकायचं, किती भाकर खायाची, किती हासायचं. समदं."

"माझं काय लिहिलंय?"

विहीणबाई वात वळत होत्या. खोटं बोलायची त्यांना सवय नाही आणि तेव्हा लक्षही नव्हतं. "तुझी पाचवी झालीच न्हाई की, बाय. तू पेटीत होतीस ना. डॉक्टर हात लावू देत नव्हते."

पोरगी गप्प झाली. मी ते पाहिलं. चौतीस वर्षं असले गप्प झालेले चेहरे ओळखण्याचाच माझा धंदा होता, आणि तरी मी उठून पुरणाच्या चवीवरून लेकीशी वाद घालायला आत गेले. त्याचं मला अजून वाईट वाटतं.

सकाळी विहीणबाईंची हाक आली. ती बहुधा मुदखेडलाही ऐकू गेली असेल. मी तोंडात ब्रश घेऊनच धावले. त्या पाट्यापुढे उभ्या होत्या आणि कागद माझ्यापुढे नाचवत होत्या.

"बाई, लिवलंय! खरंच लिवलंय! वाचा!"

एक क्षण, खोटं कशाला सांगू, माझ्याही अंगावर काटा आला. मग मी अक्षर ओळखलं. पेन्सिलीचं, गोल, शेवटची वेलांटी उगाच लांब ओढलेलं.

"प्रति, मा. सटवाई. विषय : माझं नशीब लिहिण्याबाबत. महोदया, वरील विषयी अर्ज करते की, माझी पाचवी झाली नाही. कारण मी पेटीत होते. आता मी घरीच असते. पाच वाजल्यानंतर शाळा पण नसते. तरी माझं पण लिहावे ही नम्र विनंती. जास्त नसलं तरी चालेल. आपली विश्वासू, बाळाची ताई."

त्याखाली पट्टीने रेघ मारली होती आणि उरलेला अर्धा कागद बाळासाठी कोरा सोडला होता.

रजेचा अर्ज कसा लिहायचा ते दिवाळीच्या सुट्टीत मीच तिला शिकवलं होतं. मी वाचत गेले तशी माझी लेक आतून हसायला लागली. "आई, नको गं, टाके दुखतात," असं म्हणत हसत राहिली आणि मी "जास्त नसलं तरी चालेल"पाशी आले तशी रडायलाच लागली. मीही. तोंडात ब्रश होता तो काढायचंही सुचलं नाही.

विहीणबाई मात्र हसल्या नाहीत नि रडल्याही नाहीत. भिंतीला टेकून खाली बसल्या. "मी बोलले," एवढंच म्हणाल्या. आठ वर्षं त्या पोरीला त्यांनी न्हाऊ घातलं, भरवलं, तिच्या तापात उशाशी बसून राहिल्या, आणि पोरगी आता आपलं नशीबच कोरं आहे असं समजून दप्तर भरत होती. थोड्या वेळाने त्या पदर खोचून उठल्या.

"आज हिची पाचवी."

"आठ वर्षांनी?" मी म्हणाले.

"कामून? उशिराचा अर्ज तुमच्या शाळेत घेत नव्हते का?"

घेत होतो. जावई पुन्हा खाली पाटा मागायला गेले, कारण तो त्यांनी नुकताच परत नेऊन दिला होता. खालांनी विचारलं, "जुळे हुए क्या?"

दुपारी थोरली शाळेत होती. विहीणबाईंनी मला गॅलरीत बोलावलं आणि दार ओढून घेतलं. "बाई, कागद कोरा ऱ्हायला तर पोरगी म्हनंल, माझं लिवलंच न्हाई. लहानीचं चालतंय, तिला वाचता येत न्हाई. हिला येतंय. तुमी लिवा."

मी, जिने वर्गात भुताखेताच्या गोष्टीसुद्धा सांगू दिल्या नाहीत, ती सटवाई होऊन नशीब लिहिणार! पण मी म्हणाले वेगळंच. "ती माझं अक्षर ओळखते. रोज फोनवर तिचा अभ्यास तपासते मी."

"मंग?"

"तुम्ही लिहा. तुमचं अक्षर तिने कधी पाहिलेलं नाही."

"मी बी पाह्यलेलं न्हाई," विहीणबाई म्हणाल्या, आणि आम्ही दोघी इतक्या हसलो की बाळ उठलं.

मग जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर मी माझा शेवटचा वर्ग भरवला. विद्यार्थी एकच, वय बासष्ट. मी आधी थाटात सांगितलं, की लिहू या, विद्या आणि आरोग्य लाभो. त्यांनी जीभ बाहेर काढून, श्वास रोखून 'वि' काढला आणि 'द्या'पाशी पेनच टाकून दिलं. "ह्ये काय नशीब हाय का खेकडा?"

"मग सोपं काहीतरी घेऊ. तुम्हाला काय लिहावंसं वाटतं ते सांगा."

खाली रस्त्यावरून भाजीवाला ओरडत गेला तरी विहीणबाईंनी भाव विचारला नाही.

"माहेरी व्हते तवा समदे म्हनायचे, ही परक्याची," त्या म्हणाल्या. "सासरी आले तर सासू म्हनायची, ही हदगावची. आता लेकाच्या घरी ऱ्हाते. लेक लई चांगला हाय, सून बी. पन माजं घर कंचं, ते अजून उमगलं न्हाई, बाई. तिला एवढंच लिवा. हे घर तुझं."

घ घराचा. हजारो वेळा मी तो पोरांकडून गिरवून घेतला असेल. बायकांना त्यातलं कुठलं घर मिळतं, हे मनात येऊनही मी कधी मोठ्याने बोलले नव्हते. मला फार भरून आलं. ते लपवायला मी रागावले आणि म्हणाले, "चला, पेन नीट धरा."

'झ'ने घाम काढला. सोळा वेळा लिहिलं तेव्हा 'तुझं' उभं राहिलं. मग कोऱ्या कागदावर, एक-एक अक्षर जपत, त्यांनी ते वाक्य उतरवलं. रेघ डावीकडे सुरू होऊन उजवीकडे पार खाली घसरली होती. शेवटचा अनुस्वार दिला तशी त्यांनी पेन खाली ठेवलं आणि शेतातून आल्यासारखी कंबर सरळ केली. बोटं शाईने निळी, कपाळावरही एक निळा डाग.

संध्याकाळी थोरलीला नवा फ्रॉक घालून पाटावर बसवलं. बाळ तिच्या मांडीवर दिलं. तिचा चेहरा असा फुलला होता, की माझी लेक बाळंतपण विसरून टाळ्या वाजवत होती. "मी झोपायलाच पाहिजे का?" असं तिने तीनदा विचारलं. "हाव. जागं असलं की ती येत न्हाई," विहीणबाई म्हणाल्या. कोरा कागद सगळ्यांसमोर ठेवला, आणि पहाटे चहा ठेवता ठेवता मी तो बदलला.

ती उठली ती तशीच पाट्यापाशी धावली. चष्मा न लावता. मग परत जाऊन चष्मा लावून आली. कागद दोन्ही हातांत धरून बराच वेळ बघत राहिली. आम्ही दोघी आज्या पोहे निवडायचं सोंग करत होतो.

"सटवाईचं अक्षर किती घाण आहे!" ती म्हणाली. "पहिलीत असेल."

विहीणबाईंनी निळी बोटं पदराखाली घेतली. माझी पर्स शेजारीच होती. मी तिला हात लावला नाही.

"आजी, हे घर म्हणजे हेच? नांदेडचं?"

"हाव. हेच."

"मी मोठी झाले तरी? लग्न झालं तरी?"

"तरी बी," विहीणबाई म्हणाल्या. "लिवलेलं कुनाला खोडता येत न्हाई."

तिने कागदाची घडी घातली, फ्रॉकच्या खिशात ठेवली, खिसा वरून दाबून बघितला. मग पाळण्यापाशी गेली. बाळ जागं होतं, मुठी चोखत होतं. थोरली त्याच्यावर वाकली.

"ऐक," ती म्हणाली. "हे घर माझं आहे. तसं लिहून आलंय."

आणि थोडा विचार करून म्हणाली, "पण तू राहा."