केशरी आनंदाची जाळी

पनवेलच्या बाजारात आनंदा मंडपवाले विचारलंत तर कोणीही दुकान दाखवेल. आमच्या गावात विचारलंत तर आधी हसतील, मग म्हणतील, "कोण, केशरी आनंदा?" हा आनंदा म्हणजे माझे पप्पा, त्यामुळे ते ऐकलं की माझं टाळकंच सटकतं. लहानपणी पप्पांनी कर्नाळ्याच्या ओढ्याकाठी, केळीच्या वाळक्या पानात, केशरी रंगाचं वटवाघूळ बघितलं. धावत घरी येऊन सांगितलं, तर खोटं बोलतो म्हणून आजोबांनी बदडून काढलं आणि गावानं हे नाव चिकटवलं. आजही कुणाच्या हळदीचा मंडप घालायला गेले की कोणीतरी विचारतंच, काय आनंदा, आज कुठल्या रंगाचं दिसलं? पप्पा हसून सोडून देतात. मी नाही सोडत, मी भांडते.

खारघरच्या कॉलेजात आमच्या रंजिता मॅडम कर्नाळा अभयारण्यातल्या वटवाघळांचा सर्व्हे करतात. जंगलात नेमक्या किती जातींची वटवाघळं आहेत ते शोधायचं, आणि आम्ही विद्यार्थी त्यांच्या हाताखाली. एकदा बोलता बोलता मी पप्पांची गोष्ट सांगितली आणि मॅडम खुर्चीतून उठल्याच! म्हणाल्या, अगं, अशी जात खरंच असते. केशरी अंग, काळे-केशरी पंख, अंगठ्याएवढा जीव. ओढ्यावर त्यांच्या वटवाघळांचे आवाज पकडणाऱ्या यंत्रानं एक बारीकसा आवाजही टिपला होता, कदाचित तिचाच. पण नुसत्या आवाजावर भागत नाही, प्राणी हातात यावा लागतो. बोलव तुझ्या वडिलांना, जागा दाखवतील आणि जाळी बांधायलाही हात लागेल, म्हणाल्या.

पप्पा दुसऱ्याच दिवशी बांबू आणि दोर घेऊन हजर. नवरदेवही एवढा नटत नाही, इस्त्रीचा शर्ट घालून जंगलात! वटवाघळं धरायची जाळी केसासारख्या बारीक धाग्यांची असते. ओढ्यावर आडवी लावायची, पण सैल. खाली झोळ राहिला पाहिजे, म्हणजे वटवाघूळ आपटून त्या झोळात पडतं. मॅडमनी सगळं समजावून सांगितलं. पप्पांनी मान डोलावली.

आणि तरीही जाळीत काही म्हणता काही टिकेना. अंधारून आलं की वटवाघळं यायची, जाळीवर टप्पकन आदळायची आणि पसार. मॅडम बुचकळ्यात पडल्या. पप्पा रोज येताना गाडीत बडबड करायचे आणि जाताना गप्प असायचे. बघता बघता वनखात्याच्या परवानगीची शेवटची संध्याकाळ आली.

त्या दिवशी मी ओढ्याच्या वरच्या अंगाला होते. मॅडमनी जाळी लावली, झोळ तपासला आणि त्या यंत्राकडे गेल्या. मागून पप्पा आले. इकडे तिकडे बघितलं, दोराची गाठ सोडली आणि जाळी अशी ताणली, अशी ताणली, की एक सुरकुती राहिली नाही. मग दोन पावलं मागे जाऊन समाधानानं बघत उभे राहिले.

म्हणजे रोज हेच चाललं होतं! उभा जन्म मंडपाच्या कापडाला झोळ पडू दिला नाही त्या माणसानं. माझं डोकं असं तापलं म्हणता! मी खाली येऊन त्यांना चांगलं फैलावर घेतलं. सर्व्हेचं वाटोळं केलंत, आता गाव जन्मभर हसणार आणि मी आता कुणाकुणाशी भांडू, असं काय वाट्टेल ते बोलले. पप्पांचा चेहरा खर्रकन उतरला.

"बाय, हात ऐकत नाय गो," एवढंच म्हणाले.

मग त्यांनी स्वतःच गाठी सोडल्या. जाळी सैल सोडताना बोटं दोनदा पुन्हा ओढायला गेली. शेवटी झोळ नीट लोंबायला लागला तसे ते जाळीकडे पाठ करून दगडावर बसले. बघितलं तर राहवणार नाही, म्हणाले.

सूर्य मावळला. मॅडमच्या यंत्रात तो बारीक आवाज आला, एकदा, पुन्हा एकदा, जवळ. जाळी हलकेच हलली आणि झोळात काहीतरी पडलं. मॅडम धावल्या. मी बॅटरी धरली. हातमोज्यांतून मॅडमनी ते अलगद सोडवलं आणि पंख उलगडला.

केशरी. अगदी झेंडूसारखं केशरी, आणि पंखांवर काळे पट्टे.

मी ओरडले, नाचले, मॅडमना मिठी मारता येईना म्हणून त्यांच्या पाठीलाच लटकले. मॅडम हसतही होत्या आणि रडतही होत्या. पप्पांना हाका मारल्या. ते उठून आले, वाकले आणि बघतच राहिले. मी मोबाईल पुढे केला. म्हटलं, पप्पा, बाजूला उभे राहा, आता फोटो गावच्या ग्रुपवर टाकते, एकेकाची तोंडं बंद करते.

त्यांनी माझा हात खाली केला.

"थांब जरा. गावाचं ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "मलाच वाटायला लागलं व्हतं, का मी तवा खोटंच बोललो."