उस्तादांचं पंचवीस

टॅक्सी स्टँडवर सगळे माझ्या नवऱ्याला उस्ताद म्हणतात. उभा जन्म गाडी चालवण्यात गेला. नुसत्या आवाजावरून इंजिनाचं दुखणं सांगतात, पण स्वतःची चूक समोर येऊन बसली तरी ओळख दाखवत नाहीत. परवापरवा जुनी टॅक्सी विकून त्यांनी हायब्रिड एसयूव्ही घेतली, पेट्रोल आणि बॅटरी दोन्हींवर चालणारी. भेटेल तो विचारायचा, "किती देते?" हे छाती फुगवून सांगायचे, "पंचवीस!" लिटरला पंचवीस किलोमीटर, असं कंपनीने सांगितलं होतं. आमची गाडी शहरात कशीबशी एकोणीस द्यायची. मी शेजारीच बसते, मला मीटर दिसतं. पण चारचौघांत नवऱ्याची लाज कशाला काढा, म्हणून गप्प राहायचे.

त्या सकाळी मात्र माझ्याच्याने गप्प राहवेना. डोंगरापलीकडच्या हॉस्पिटलात वन्संच्या हृदयाचं ऑपरेशन होतं. वन्सं ह्यांच्या थोरल्या बहीण. आई गेल्यावर त्यांनीच ह्यांना लहानाचं मोठं केलं, सायकलचं सीट मागून धरून गल्लीभर धावल्या. आदल्या दिवशी फोनवर म्हणाल्या होत्या, "नऊला आत नेतील. त्याआधी एकदा तुझं तोंड बघू दे."

डोंगराच्या अलीकडचा शेवटचा पंप आला. रांग होती.

"अहो, भरून घ्या."

"मीटर बघ. हॉस्पिटल गाठून वर उरेल. शिवाय हायवेला गाडी जास्तच देते. तू मला शिकवू नकोस."

पंप मागे गेला. जुनी टॅक्सी हायवेला जास्त द्यायची, हे खरं. हिचं तंत्रच उलटं. शहरात ब्रेक लागला की हिची बॅटरी भरते, मग ती पेट्रोल वाचवते. इथे ब्रेक कुठे लागत होता? उस्ताद सुसाट निघालेले. घाट सुरू झाला तशी बॅटरी रिकामी झाली आणि इंजिन केकाटायला लागलं. अजून किती अंतर जाईल तो आकडा आम्ही कापलेल्या रस्त्याच्या दुप्पट वेगाने उतरू लागला. सरासरी सोळावर आली. ह्यांनी काही न बोलता एसी बंद केला. ह्यांच्या कपाळावर घाम आला होता.

"पुरेल ना हो?"

"पुरेल."

हा "पुरेल" पंचवीसच्या जातीचा होता. मी ओळखला.

तेवढ्यात वन्संचा फोन आला. "पोचलोच ताई, पाच मिनिटं!" हे म्हणाले. आम्ही अजून घाटमाथ्यावरही नव्हतो. माझा संताप अनावर झाला. मी फोन हिसकावून घेतला. "वन्सं, अजून तासभर तरी लागेल. पेट्रोलही कमी आहे. पण आम्ही निघालोय, येतोय."

वन्सं म्हणाल्या, "सावकाश या गं. जीवावर उदार होऊन नको."

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. फक्त पाय हलका केला. ज्या माणसाला आजवर कोणी ओव्हरटेक केलं नव्हतं, तो ट्रकच्या मागे ट्रकच्या चालीने जाऊ लागला. मागचे हॉर्न मारत होते, पुढे जाताना शिव्या देत होते. हे ओठ आवळून बसले होते. घड्याळ पुढे सरकत होतं आणि वेग वाढवायची सोय नव्हती. वाढवला तर पेट्रोल संपणार, नाही वाढवला तर नऊ वाजणार. इकडे आड तिकडे विहीर.

माथा ओलांडला तेव्हा आकडा जवळजवळ शून्यावर होता. मग उतार लागला. इंजिन गप्प झालं, ब्रेकवर ब्रेक लागत गेले आणि बॅटरीची एकेक रेघ भरत आली. आम्ही दोघं देवाचं नाव घ्यावं तशा त्या रेघा बघत होतो. शहरातला शेवटचा रस्ता गाडीने बराचसा बॅटरीवरच काढला. फाटकात शिरलो तेव्हा नऊ वाजून गेले होते.

वन्संना वॉर्डातून बाहेर काढलं होतं. ऑपरेशनच्या खोलीबाहेर स्ट्रेचर थांबवून ठेवलं होतं. नर्स वैतागून म्हणाली, "यांनी भिंतीचा कठडा सोडलाच नाही. भाऊ येतोय म्हणाल्या."

ह्यांनी वन्संचा हात धरला.

"किती देते रे तुझी गाडी?" वन्संनीच विचारलं.

"सोळा, ताई. पंचवीस कंपनी म्हणते."

वन्सं हसल्या. पहिल्यांदाच ह्यांनी कुणाला खरा आकडा सांगितला होता. "डॉक्टर म्हणाले, शंभरातले पंच्याण्णव बरे होतात," त्या म्हणाल्या. "तेही कंपनीचंच मायलेज असेल रे. आपल्या गाडीचं काय, ते घाटात कळेल."

मग त्यांनी हात सोडला. दार बंद झालं.

हे बाकावर बसले. मी म्हटलं, "पेट्रोल भरून या तोवर."

"ताई बाहेर आली की जाईन," म्हणाले, आणि दाराकडे बघत किल्ली मुठीत आवळून बसून राहिले.