गिरिजाअक्का आणि सालईचा डोंगर

गिरिजाअक्का बिरादार यांची आणि माझी पहिली भेट लातूरच्या औषधनिर्माण महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत झाली. मी तिथे नुकतीच शिकवायला लागले होते. विद्यार्थ्यांचे प्रात्यक्षिक आटोपून मी हात धूत होते, तेवढ्यात दारातून धुपासारखा वास आला. वळून पाहिले तर इरकली नेसलेल्या, कपाळावर विभूती रेखलेल्या एक बाई उभ्या होत्या. त्यांच्या काखेत कापडी पिशवी होती.

"उदगीरहून आले," त्या म्हणाल्या. "आमचा डिंकाचा व्यापार हाय. औषधाच्या कारखान्यानं माल परत धाडला. का धाडला ते त्यांनी सांगितलं न्हाई. तुम्ही सांगा."

पिशवीत सालईच्या झाडाची राळ होती, पिवळसर, चिकट, सुगंधी. तपासणीला वेळ लागेल, तुम्ही उद्या या, असे मी सुचवले. अक्कांनी स्टूल ओढले आणि बसल्या. मी राळ स्पिरिटमध्ये टाकली. ती विरघळत गेली आणि तळाशी सालीचे तुकडे, खडे, माती असा गाळ उरला. अक्कांनी चंचुपात्र उजेडाकडे धरून तो गाळ नीट पाहिला. मालाच्या बाजूने एक शब्दही न बोलता त्यांनी विचारले, "आणि ही जी विरघळली, तिचं तुम्ही लोक काय काय करता?"

मी सांगू लागले. सांधेदुखीच्या गोळ्या, मलम, उदबत्ती, अत्तराचे तेल, वार्निश. धावड्याचा आणि बाभळीचा डिंक पाण्यात विरघळतो, त्यामुळे तो शाईत, जलरंगात, गोळ्या बांधायला, आइस्क्रीममध्ये जातो. राळ पाण्यात विरघळत नाही, निखाऱ्यावर मात्र दरवळते. सालईच्या पाझरात हे दोन्ही गुण एकत्र असतात. ऐकता ऐकता अक्कांचा चेहरा उजळत गेला.

"सासऱ्यांच्या दुकानात इतकी वर्षं बसले," त्या म्हणाल्या, "आणि मी समजून राहिले की आपला माल लाडवात जातो न्हाईतर धुपाटण्यात. हे सगळं मला बघायचंय. तुम्ही दाखवाल?"

मी हो म्हटले. त्या एका होकाराने माझ्या पुढच्या आयुष्याची सगळी घडी बदलली. आज अक्कांच्या पंचाहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथात लिहिताना ते मला आनंदाने नोंदवावेसे वाटते.

अक्कांना अर्धवट माहिती चालत नाही. मालात साल आणि माती येते कुठून हे पाहायला त्या थेट जंगलात निघाल्या आणि मलाही सोबत घेतले. उदगीरच्या मोंढ्यात धान्याचा व्यवहार सांभाळणारे त्यांचे यजमान काशिनाथअप्पा आम्हाला मुदखेडपर्यंत सोडायला आले होते. तिथून आदिलाबादच्या गाडीने आम्ही किनवटला उतरलो आणि जीपने डोंगरापायथ्याच्या पाड्यावर पोचलो. राळ गोळा करणाऱ्या बायकांच्या पुढारी भीमाबाई आम्हाला वर घेऊन गेल्या.

उन्हाळ्यात सालई निष्पर्ण असते. करड्या खोडांवरून कागदासारखी साल सुटत होती आणि दर दोन-चार झाडांमागे एकावर कुऱ्हाडीचे खोल घाव होते, आत लाकडापर्यंत पोचलेले. घावाखाली राळ ओघळली होती आणि तिच्यात सालीचा भुगा अडकला होता. माझ्या प्रयोगशाळेतला गाळ इथून आला होता. थोडे पुढे गेल्यावर मात्र अक्का थबकल्या. तिथल्या खोडांना घाव नव्हते, गिरमिटाने पाडलेली भोके होती.

"हे काय आणिक?" त्यांनी विचारले.

"बाहेरचा एक व्यापारी येते," भीमाबाईंनी सांगितले. "भोकात औषध भरून देते. मंग राळ पाण्यावाणी वाहते. गेल्या साली लई माल निघाला."

"आणि औंदा?"

भीमाबाई पुढे झाल्या. त्यांनी एका झाडाची फांदी धरून वाकवली. ती काडकन मोडली. झाड उभ्याने वाळले होते. पलीकडची ओळही तशीच होती.

अक्का त्या झाडाखाली बसल्या. त्यांच्याकडे त्या वेळी उदबत्तीच्या एका मोठ्या कारखान्याची मागणी होती आणि असा भरपूर माल त्यांना हवाच होता. खाली उतरल्यावर त्यांनी सगळ्या बायकांसमोर सांगितले, "औषध भरलेल्या झाडाची राळ मी घेणार न्हाई. खोल घावाची बी न्हाई."

बायकांमध्ये कुजबुज झाली. भीमाबाई स्पष्टच बोलल्या, "तुमी न्हाई घेतली तर तो घेईल. आमी काय करावं?"

या प्रश्नाला उसने उत्तर देणे अक्कांच्या स्वभावात नाही. परतीच्या गाडीत त्या तोच प्रश्न मनात घोळवत होत्या. मुदखेड जवळ आले तेव्हा एकदम माझ्याकडे वळल्या. "वर्षा, तू मला जे दाखवणार होतीस ना, ते ह्या बायकांना दाखवायचं. सगळ्यांना. आपली राळ कुठं जाते ते त्यांनी डोळ्यांनी बघू दे."

ही कल्पना ऐकून अनेकांनी त्यांना वेड्यात काढले. कारखानेवाले बाहेरच्या माणसांना आत सोडत नाहीत, बायका घर सोडून यायच्या नाहीत, येण्या-जाण्याचा खर्च कोण सोसणार, अशा शंका निघाल्या. अक्का कारखान्यांच्या दारात जाऊन बसल्या. परवानगी मिळाली. उदबत्तीची मागणी मात्र त्यांनी हातची सोडली आणि तसे कारखान्याला स्वतः जाऊन सांगितले.

त्या सहलीइतके आनंदाचे दिवस माझ्या नोकरीत दुसरे आले नाहीत. नांदेडला आम्ही पहिल्यांदा एका चित्रकाराच्या घरी गेलो. त्याने धावड्याचा डिंक भिजवून त्यात रंगाची पूड खलली आणि प्रत्येक बाईच्या हाती कुंचला दिला. एका म्हाताऱ्या बाईंनी कागदावर मोर काढला आणि तो घडी करून कमरेला खोचला. उदबत्तीच्या कारखान्यात बायका स्वतःच काड्या वळायला बसल्या आणि तिथल्या मुलींपेक्षा आपल्या उदबत्त्या जाड का होतात यावर मोठमोठ्याने हसल्या. मिठाईच्या कारखान्यात डिंक तुपात फुलताना पाहून जो गलका झाला तो रस्त्यापर्यंत गेला असेल. अक्का पुढे, बायका मागे, आणि सगळ्यांत शेवटी मी, हातात पाण्याचे कॅन घेऊन.

लातूरच्या औषधाच्या कारखान्यात मात्र सगळ्या एका काचेसमोर थबकल्या. काचेपलीकडे यंत्रातून गोळ्या टपटप पडत होत्या. तिथल्या केमिस्टने सांगितले की ही सालईपासून केलेली सांधेदुखीची गोळी आहे.

भीमाबाई काचेला नाक लावून बघत राहिल्या. "डोंगर चढून चढून माझेच गुडघे दुखून राहिले," त्या म्हणाल्या, "आन् त्याची गोळी मीच डोक्यावर वाहून आणते?"

केमिस्ट हसला. मग त्याने आम्हाला चाळणीच्या खोलीत नेले. चाळणीवर उरलेली साल आणि माती पिंपात भरलेली होती. "हे सगळं फेकावं लागतं," तो म्हणाला. "फार निघालं तर आम्ही पूर्ण माल परत पाठवतो. स्वच्छ राळ मिळाली तर आम्हाला वर्षभर हवी आहे."

भीमाबाईंनी पिंपात हात घालून साल वर काढली, वास घेतला. "ही तर आमच्याच डोंगराची हाय," त्या पुटपुटल्या. दुपारच्या जेवणाच्या वेळी त्या ताट घेऊन अक्कांच्या शेजारी येऊन बसल्या. "झाडाला किती घाव घातला तर ते मरत न्हाई?" त्यांनी विचारले. अक्कांना ते ठाऊक नव्हते, मलाही नव्हते. मग आम्ही तिघींनी मिळून शोधायचे ठरवले.

ते शोधणे सोपे गेले नाही. वनखात्यातल्या एका जाणत्या अधिकाऱ्याने मार्ग दाखवला. फक्त वरची साल हलकेच तासायची, जखम लहान ठेवायची, कोवळ्या झाडाला हात लावायचा नाही आणि एका मोसमानंतर झाडाला विश्रांती द्यायची. अक्कांनी उदगीरच्या लोहाराकडून अंगठ्याएवढ्या पात्याची पटाशी घडवून घेतली. पहिली फार टोकदार झाली, दुसरी हातातून निसटायची. तिसरी भीमाबाईंना पसंत पडली. पण हलक्या हाताने राळही कमी निघाली. निम्म्या बायका त्या दुसऱ्या व्यापाऱ्याकडे निघून गेल्या. उदगीरच्या बाजारात अक्कांची टिंगल झाली. काशिनाथअप्पांच्या धान्याच्या दुकानात बसून लोक विचारायचे, "मालकीणबाई जंगलात काय करून राहिल्यात?" अप्पा शांतपणे सांगायचे, "शिकून राहिल्यात."

त्या मोसमाच्या अखेरीस जेमतेम दोन पोती राळ आली. मी ती तपासली. स्पिरिटमध्ये टाकली आणि वाट पाहिली. तळाशी सालीचा मागमूस नव्हता. माझा माझ्यावरच विश्वास बसेना, म्हणून दुसऱ्या पोत्यातून नमुना काढून पुन्हा तपासले. तेच. मी धावत जाऊन अक्कांना फोन लावला.

"अक्का, माल पास झाला."

"थांब, गाडी येऊन राहिली, ऐकू येत न्हाई."

"पास झाला, अक्का."

"कोण पास झालं? तुझी पोरं?"

"तुमची राळ."

पलीकडे नुसताच इंजिनाचा आवाज. मग ऐकू आले की अक्का मुदखेडच्या फलाटावर मोठ्याने कुणाला तरी सांगताहेत, "भीमे, पास झालो आपण." त्या दिवशी त्या दोघींची गाडी सुटली आणि पुढच्या गाडीपर्यंत त्या फलाटावरच चहा पीत बसल्या, हे मला नंतर कळले.

कारखान्याने ती राळ घेतली आणि आणखी मागितली. दोन उन्हाळ्यांनी औषध भरलेल्या झाडांचा तो पट्टा पुरता वाळला. बाहेरचा व्यापारी दुसरीकडे निघून गेला आणि गेलेल्या बायका परत आल्या. काही जणींनी त्यांना घेऊ नये असा आग्रह धरला. अक्का एवढेच म्हणाल्या, "पटाश्या सगळ्यांना पुरतील एवढ्या करून आणल्यात."

कामाबद्दल इतके लिहिले, पण अक्कांच्या मायेबद्दल लिहिले नाही तर हा लेख अपुरा राहील. माझ्या पहिल्या गरोदरपणात मला कोणताही वास सहन होत नसे. राळेच्या वासाने तर उलट्याच व्हायच्या. मी हे कुणाला बोलले नव्हते. एकदा अक्का नमुना घेऊन आल्या असताना मी तोंडाला पदर लावून बाहेर पळाले. पुढच्या खेपेपासून अक्का लातुरात उतरल्या की आधी नात्यातल्या एका घरी जात, आंघोळ करून धुतलेली साडी नेसत, पिशवी तिथेच ठेवत आणि मग मला भेटायला येत. ज्या बाईंचे सारे घर सालईच्या वासाने भरलेले, त्यांनी माझ्यासाठी तो अंगावरून उतरवून ठेवला. मुलगी झाल्यावर डिंकाच्या लाडवांचा डबा घेऊन आल्या. मी त्यातल्या कॅलरींबद्दल काही बोलू लागले तर म्हणाल्या, "शास्तर नंतर सांग. आधी खा."

त्यांचा रागही आम्ही सगळ्यांनी सोसला आहे. समोरच्याचे वाक्य पुरे होऊ देणे त्यांना जमत नाही. नांदेडच्या एका मिठाईवाल्याने त्यांच्याकडे बाभळीचा डिंक मागितला आणि पिशवीवर धावड्याचे नाव घालायला सांगितले, तेव्हा अक्कांनी बाभळीचा डिंक बाभळीच्याच नावाने त्याच्या हाती दिला आणि दुकानात जमलेल्या गिऱ्हाइकांना दोन्हींतला फरक समजावून सांगायला सुरुवात केली. मिठाईवाला घाम पुसत उभा राहिला. आता तो दरवर्षी त्यांच्याकडूनच माल नेतो, आणि नाव खरे घालतो.

यंदाच्या उन्हाळ्यात मी पुन्हा त्या डोंगरावर गेले होते. जुने घाव भरून आले आहेत. वाळलेल्या पट्ट्यात बायकांनी सालईच्या फांद्या रोवल्या होत्या, त्या माझ्या डोक्यावर गेल्या आहेत. किनवटला बायकांच्या गटाची स्वतःची शेड आहे, निवडण्याची आणि दळण्याची यंत्रे आहेत. राळ औषधाला जाते, उदबत्तीला जाते, तेल अत्तराला जाते. प्रतवारीचे काम भीमाबाई पाहतात. अक्का काठी टेकत डोंगरावर आल्या आणि वाटेत प्रत्येक झाडाशी थांबून साल चाचपत राहिल्या. त्यांच्यामुळे आम्हाला वर पोचायला उशीर झाला, असे त्यांना कुणी सांगायचे धाडस केले नाही.

आणि आता त्यांनी नवे काम काढले आहे. डिंकाचा पातळ थर दिला तर फळ जास्त दिवस टिकते, हे त्यांनी कुठेतरी ऐकले. गेल्या आठवड्यात मी उदगीरला गेले तर त्यांच्या माजघरात सीताफळे ओळीने मांडलेली होती, काहींवर धावड्याचा लेप, काहींवर बाभळीचा, काही तशीच. काशिनाथअप्पांना त्यांतले एकही खायची मुभा नव्हती. ते बिचारे दुरून बघत होते.

मी अक्कांना म्हटले, "हे इतकं सोपं नाही. लेप किती पातळ हवा, वाहतुकीत टिकतो का, खाणाऱ्याला चालतो का, सगळं तपासावं लागेल. यात बरीच वर्षं जातील."

अक्का एक सीताफळ उलटून बघत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "जाऊ दे की. मला कुठं जायची घाई हाय?"

अक्का, ही घाई तुम्हाला कधीच न होवो. तुमचे गुडघे डोंगर चढत राहोत, तुमचे नाक असेच तिखट राहो आणि तुमच्या माजघरात दर हंगामाला नवे काहीतरी मांडलेले असो. आम्ही सगळ्या तपासायला तयार आहोत.