अडखळणारा धोटा

मंडळी, आत्ता कुठे चहा घशाखाली उतरतोय!

भवानी पेठेतल्या एका चादर कारखान्यासाठी मी स्क्रिप्ट लिहिलीय. पडद्यावर माग चालतो, आडवा धागा नेणारा धोटा इकडून तिकडे पळतो आणि गिऱ्हाईकासमोर नक्षी विणली जाते. माझ्या लिनक्स लॅपटॉपवर झकास चाललं. आज कारखान्यातल्या विंडोजवर लावलं, तर धोटा गचके खायला लागला. तासाभरात व्यापारी येणार होते.

आयुष्यभर मागावर उभे राहिलेले माझे बाबा शेजारी होते. ते ओरडले, "आरं, बंद कर की! धागा तुटंल!" माग थांबवायचा दांडा असतो ना, तो शोधत त्यांचा हात पडद्याच्या कडेला गेला.

मी कोड पुन्हा वाचला. चूक माझीच होती. 'दहा मिलिसेकंद थांब, मग धोटा जरा सरकव' असं लिहिलं होतं आणि विंडोजवर ते थांबणं कमीजास्त होत होतं. आता स्क्रिप्ट घड्याळ बघते आणि जेवढा वेळ गेला, तेवढाच धोटा सरकवते. दोन्हीकडे सुरळीत!

व्यापारी खूश झाले. पण मला हायसं वाटलं ते त्याआधीच, धोटा नीट पळताना बघून बाबांनी हात खाली घेतला तेव्हा.

तुमचा कोड कोण तपासतं? माझा तपासणाऱ्याला कॉम्प्युटर चालूसुद्धा करता येत नाही.