बाबा 'आले' की 'आला'

"थांब," वत्सलामावशी म्हणाल्या. "काय म्हनलं तू आता?"

इंझोरीला त्यांच्या ओसरीवर मी प्रूफ वाचून दाखवत होतो. प्रूफ म्हणजे छापण्याआधी तपासायची प्रत. रिसोडला माझं लहानसं प्रकाशन आहे. आसपासच्या गावांचा इतिहास, माणसांची चरित्रं छापतो. हे चरित्र मावशींच्या वडिलांचं. त्यांनी सांगितलं, मी लिहून घेतलं. त्यांना वाचता येत नाही, म्हणून शेवटची तपासणी कानांनी. दुसऱ्या दिवशी छपाई होती.

मी ओळ पुन्हा वाचली. "बाबा नागपूरहून दीक्षा घेऊन आला."

"मी 'आले' सांगतलं व्हतं."

घोळ माझाच होता. त्यांची वऱ्हाडी मी पुस्तकी मराठीत आणायला निघालो होतो. 'मले'चं 'मला', 'त्याले'चं 'त्याला'. एकेक कोण बदलणार? कॉम्प्युटरला सांगितलं, 'ले' दिसेल तिथं 'ला' कर. 'लेक'चं 'लाक' झालं, ते सापडलं. 'आले'चं 'आला', 'बसले'चं 'बसला' मात्र सुटलं, कारण तेही शब्द शुद्धच. आणि मी म्हणे मुरलेला प्रूफरीडर.

"व्याकरणाची चूक झाली, मावशी."

"व्याकरन मले नाई समजत. पन गावानं त्यायले म्हातारपनीबी 'आला', 'गेला'च म्हनलं. मेले तवाबी 'मेला'च म्हनलं. मी कायले सांगून राह्यली हे सारं? एका जाग्यावर तरी 'आले' लिवलेलं असावं म्हनून."

मला त्यांच्याकडे बघवेना. तिथूनच फोन करून छपाई थांबवली आणि पहिल्या पानापासून पुन्हा वाचायला बसलो.

बाबा पहिल्यांदा पायरीशी न थांबता शेतमालकाच्या बैठकीत गेले, तो प्रसंग आला. मालक विचारतो, "इथं कायला आला?" मी घाईघाईत तिथंही 'आले' करायला पेन टेकवलं.

"ते राहू दे," मावशी म्हणाल्या. "तो तसाच बोलला व्हता. त्याच्या तोंडात आपन कायले आदर घालाचा?"

मी थक्क झालो. अक्षर न ओळखणाऱ्या या बाईच्या डोक्यात अख्खं पुस्तक ओळीन् ओळ होतं, आणि कुठली ओळ कोणाच्या तोंडची हेही. संपादक म्हणून नाव मात्र माझं छापलं जाणार होतं.

पुस्तक उशिरा निघालं, 'मले-तुले'सकट. प्रत हातात घेऊन मावशींनी विचारलं, "यातलं 'आले' कोनतं?" मी दाखवलं. त्यावर बोट ठेवून त्या बराच वेळ बसल्या.

सगळं एकदम बदलायची ती कमांड मी आता देत नाही. एकेक शब्द बदलतो, आणि तोही विचारून.